हवेची उशी

'टोकिओ स्टोरी' पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि अर्ध्यातून उठून आले होते. दादरला एका फिल्म सोसायटीचा खेळ होता. बँकेतली माझी एक मैत्रीण तिथली सभासद, तिनंच नेलं होतं. पडद्यावर दोन म्हातारी माणसं जमिनीवर बसून सावकाश बोलत होती. मग ती उठून जायची, आणि ती गेल्यावरही कॅमेरा त्या रिकाम्या खोलीकडे बघत राहायचा. पाऊण तासात माझा दोनदा डोळा लागला. शेवटी मैत्रिणीच्या कानात 'माझी डोंबिवली चुकेल' असं सांगून मी बाहेर पडले. गाडीत खिडकी मिळाली होती हे अजून आठवतं.

सिनेमातलं मात्र एकच आठवत राहिलं. अगदी सुरुवातीला म्हातारा-म्हातारी प्रवासाची पिशवी भरतायत. फुगवायची असते ती हवेची उशी सापडत नाही. तो म्हणतो, तुझ्याकडे दिली होती. ती म्हणते, नाही हो, तुमच्याकडेच दिली. शोधाशोध होते, आणि उशी त्याच्याच सामानात निघते. तो "सापडली, सापडली" म्हणतो, ती "सापडली का?" म्हणते, संपलं. हे लक्षात राहायला कारण होतं. आमच्या घरी बाबांची बॅटरी अशीच हरवायची. आई सगळं घर पालथं घालायची आणि बॅटरी बाबांच्या उशाखालीच असायची.

त्यानंतर वीसेक वर्षांनी आई गेली. बाराव्याच्या आधी ती मैत्रीण गावी भेटायला आली होती. निघताना म्हणाली, "तो जपानी सिनेमा तू अर्धा टाकला होतास बघ. कधीतरी पूर्ण बघ. आत्ता नको, पण बघ." पुढे दोन वर्षं मी तो बघितला नाही. मग जूनमधल्या एका रविवारी घरात एकटीच होते. मुलगा पुण्याला, नवरा त्याच्या बहिणीकडे. बाहेर पाऊस लागला होता. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि लावला.

पहिल्या वीस मिनिटांत मी तो तीन वेळा थांबवला, हे आधी सांगते. एकदा चहासाठी, एकदा फोन वाजला म्हणून, आणि एकदा काहीच कारण नसताना. माझ्या अंगात सवय भिनली आहे की पडद्यावर काही घडत नसेल तर हात फोनकडे जातो. इथे तर घडतच नाही. ओनोमिची नावाचं हिरोशिमा प्रांतातलं बंदराचं गाव. तिथून शुकिची आणि तोमी हिरायामा हे जोडपं टोकिओला मुलांकडे निघतं. धाकटी मुलगी क्योको शाळेत शिक्षिका आहे, ती त्यांना डबा बांधून देते. शेजारीण खिडकीतून डोकावून म्हणते, भाग्यवान हो तुम्ही. मग एकदम टोकिओची धुराडी दिसतात आणि आपण थोरल्या मुलाच्या घरी पोचलेलो असतो. प्रवास दाखवतच नाहीत. हे मला चमत्कारिक वाटलं. एवढा हळू चालणारा सिनेमा, आणि ज्याची दुसरा कुणी गाणी करून दाखवली असती तो प्रवास सरळ गाळून टाकतो.

तिसऱ्यांदा थांबवून परत लावला तेव्हा मी फोन आतल्या खोलीत ठेवून आले. तिथून पुढे काय होत गेलं ते मला नीट सांगायचं आहे, कारण ते एकदम झालं नाही.

आधी राग आला. ही माणसं एवढं हसून का बोलतात, असा. कोणी काही लागेल असं बोललं तरी म्हातारा "हं… हं…" करत मान डोलावतो. मग हळूहळू मला आवाज ऐकू यायला लागले. सिनेमात संगीत फार थोडं आहे, त्यामुळे दूरची होडी, आगगाडीची शिटी, पंख्यांची फडफड, सगळं येतं. जवळजवळ प्रत्येकाच्या हातात पंखा आहे, कारण दिवस उन्हाळ्याचे आहेत. मग मला कॅमेरा कुठे बसलाय ते जाणवलं. यासुजिरो ओझू हा दिग्दर्शक कॅमेरा जमिनीपासून हात-दीड हातावर ठेवायचा, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेइतका, आणि तो जवळजवळ हलवायचाच नाही. मला ती उंची ओळखीची वाटली. आमच्या गावच्या घरात आई आडाळ्यावर बसून भाजी चिरायची (आडाळो म्हणजे आमची मालवणी विळी) आणि मी समोर जमिनीवर बसलेली असायचे. त्या वयात सगळं जग मी त्याच उंचीवरून बघितलं आहे: माणसांचे पाय आधी, चेहरे नंतर.

आणि मग त्या रिकाम्या जागा. दोरीवरचे कपडे, ओसरीचा कोपरा, कोणी नसलेला जिना. प्रसंग संपतो आणि पुढचा सुरू होण्याआधी अशी एक-दोन दृश्यं येतात, काही सेकंदांची. नोएल बर्च या अभ्यासकानं त्यांना 'पिलो शॉट' असं नाव दिलं, जुन्या जपानी कवितेत 'उशीचे शब्द' असतात त्यावरून. मला हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की त्या काही सेकंदांत मी डोंबिवलीत नसायचे. थोरल्या मुलाच्या घरातली वाळत घातलेली कापडं दिसली आणि मला आमच्या गॅलरीतली दोरी आठवली, तिच्यावर आईची नऊवारी वाळत घातली की बाकी कशाला जागा उरायची नाही. मी तिला म्हटलं होतं, "आई, आलीस की पाचवारी नेस ना जरा." हे वाक्य मला पंधरा वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.

थोरला मुलगा कोइची डॉक्टर आहे, पण शहराच्या कडेला, गल्लीतला डॉक्टर. रविवारी आईवडिलांना टोकिओ दाखवायला न्यायचं ठरतं, सगळे कपडे करून तयार होतात आणि एका आजारी पोराचा बाप येतो. बेत रद्द. मग तोमी धाकट्या नातवाला घेऊन बांधावर जाते. तो गवत उपटत खेळतोय, ती त्याला विचारते की मोठेपणी तू कोण होणार, बाबांसारखा डॉक्टर का, आणि तू डॉक्टर होशील तेव्हा मी असेन का रे. तो उत्तर देत नाही, त्याचं लक्षच नाही. हे सगळं लांबून दाखवलं आहे. तिथे मला रडू आलं नाही. पोटात काहीतरी हललं, एवढंच.

रडू आलं ते भलत्याच ठिकाणी.

मोठ्या मुलीचं नाव शिगे. तिचं घरातच केशकर्तनालय आहे, बायका केस करून घ्यायला येतात. ती सतत कामात, सतत हिशेबात, बोलणं तडकफडक. तिचा नवरा सासू-सासऱ्यांसाठी चांगली मिठाई घेऊन येतो आणि ती त्याला म्हणते, एवढी महाग कशाला आणली, त्यांना साधी तांदळाची बिस्किटं चालतात. मी सिनेमा थांबवला आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. कारण हे वाक्य माझं होतं. शब्द वेगळे होते. आईबाबा मार्चमध्ये आले होते, नवऱ्यानं त्यांच्यासाठी श्रीखंड आणलं होतं आणि मी स्वयंपाकघरात, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं होतं, "कशाला? त्यांना टोस्ट चालतात." त्याच आईबाबांनी देवगडहून हापूसची पेटी डोक्यावरून आणल्यासारखी सांभाळून आणली होती. कोकणकन्या पहाटे ठाण्याला पोचते, तिथून लोकलनं डोंबिवली, आणि त्या गर्दीत पेटीला कोणाचा धक्का लागू नये म्हणून आई पेटीवर हात ठेवून उभी होती.

या सिनेमाबद्दल जे जे वाचायला मिळतं त्यात नोरिकोचं कौतुक असतं. नोरिको ही मधल्या मुलाची बायको. तो मुलगा युद्धात गेला, त्याला आठ वर्षं झाली. एका खोलीत राहणारी ही विधवा सून नोकरीतून एक दिवस सुट्टी घेते, सासू-सासऱ्यांना बसमधून टोकिओ दाखवते, आणि शेजारणीकडून साके आणि पेले उसने आणून त्यांचं आदरातिथ्य करते. सेत्सुको हारा या अभिनेत्रीचं ते हसू ज्यानं बघितलं तो विसरत नाही. सगळ्यांना आपण नोरिको असावं असं वाटतं. मलाही सिनेमा सुरू झाल्यावर तसंच वाटलं असतं, जर तो जरा भराभर गेला असता. एखाद्या वेगवान सिनेमात शिगे चटकन वाईट ठरली असती, मी नोरिकोच्या बाजूला जाऊन बसले असते आणि तिकिटाचे पैसे वसूल झाले असते. पण हा सिनेमा दोन तास सोळा मिनिटांचा आहे आणि तो शिगेबरोबर तिच्या घरात बसून राहतो. तिचं दुकान दिसतं, गिऱ्हाइकं दिसतात, रात्रीची बैठक दिसते. ती वाईट नाही. तिला वेळ नाही. हारुको सुगिमुरानं ती इतकी खरी केली आहे की तिचा हात पंख्याकडे जातो तेव्हाही मला माझाच हात दिसत होता.

आणि मग अतामी.

घरात गर्दी, कामं पडलेली, म्हणून शिगे आणि कोइची पैसे जमवून आईवडिलांना अतामीला गरम पाण्याच्या झऱ्यांच्या ठिकाणी पाठवतात. स्वस्तातला लॉज आहे, तरुण पोरांचा आहे. रात्रभर खालून गाणी, पत्त्यांसारखा तो माजाँगचा खेळ, आरडाओरडा. दोघं गादीवर पडून पंख्यानं वारा घेत राहतात. खोलीच्या दाराबाहेर त्यांच्या सपातांचे दोन जोड नीट मांडून ठेवलेले दाखवले आहेत. मी ते दृश्य परत मागे नेऊन बघितलं. काही नाही त्यात, फक्त चार सपाता आहेत. सकाळी दोघं समुद्राच्या बांधावर बसतात, घरी जाऊ या म्हणतात, आणि उठताना तोमीला घेरी येते.

आम्ही अष्टविनायकाची बस काढली होती. भाऊ कल्याणला, मी डोंबिवलीला, दोघांनी निम्मे निम्मे पैसे घातले. बँकेत मार्च एंडिंग, रात्री नऊ-नऊ वाजता मी घरी येत होते, मुलाची दहावीची परीक्षा, एक बेडरूमचं घर. दोन रात्री, तीन दिवस. "तुमचंही देवदर्शन होईल," असं मीच म्हटलं. आई म्हणाली, "आमका काय, खयय चलता. तुज्या कामाचो खोळंबो नको." परत आल्यावर तिनं आठही ठिकाणचे अंगारे पुड्यांवर नावं घालून दिले. दर्शन छान झालं म्हणाली. पाय सुजले होते तिचे, पण मी त्यावर एक मलम दिलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

त्या रविवारी मी सिनेमा तिथेच बंद केला. उरलेला दुसऱ्या दिवशी रात्री बघितला.

दुसऱ्या भागाबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण त्यात सगळं इतकं उघड आहे की त्यावर बोलायला मला अवघड जातं. परतीच्या वाटेवर तोमीला बरं वाटत नाही, ओनोमिचीला पोचल्यावर ती गंभीर होते, मुलांना तारा जातात. निघताना शिगे भावाला विचारते, सुतकाचे कपडे घ्यायचे का. नेले आणि लागले नाहीत तर उत्तमच. लोकांना या जागी तिचा तिरस्कार येतो. मला येऊ शकत नाही. भावाचा फोन आला तेव्हा रात्रीची गाडी पकडण्याआधी मी बँकेत बसून रजेचा हिशेब मांडला होता: किती किरकोळ, किती अर्जित, तेरा दिवस कसे बसतील. आई तेव्हा जिवंत होती.

पहाटे तोमी जाते. तेव्हा सगळ्यात आधी हुंदका फुटतो तो शिगेला. शुकिची मात्र खोलीत नसतो. नोरिको त्याला शोधायला बाहेर जाते तर तो समुद्राकडे बघत उभा आहे. म्हणतो, किती सुंदर पहाट झाली, आज पण उकडणार. आई गेली त्या सकाळी बाबा कोणाला न सांगता मागच्या पोफळींना पाणी सोडायला गेले होते. भाऊ चिडला होता त्यांच्यावर, मीही. घरात माणसं जमलीत आणि हे शिंपणं करतायत. तो प्रसंग बघताना मी लॅपटॉपजवळ सरकले आणि त्या म्हाताऱ्याच्या पाठीकडे बघत राहिले. चिशू र्‍यू हा नट तेव्हा पन्नाशीचाही नव्हता. त्याची बायको झालेल्या चिएको हिगाशियामा त्याच्याहून तेरा-चौदा वर्षांनी मोठ्या होत्या. तरी त्या पाठीत मला कुठेही नट दिसला नाही.

अंत्यविधीनंतर सगळे जेवायला बसतात. तिथे शिगे धाकट्या बहिणीला म्हणते, आईचा तो राखाडी उन्हाळी पट्टा आणि तो बारीक विणीचा किमोनो आठवण म्हणून मला दे. आणि जेवत राहते. आमच्याकडे बाराव्याच्या रात्री पंगत उठायच्या आधी मी वहिनीला म्हटलं होतं, "आईची ती जांभळ्या काठाची इरकल मी नेईन हां. आणि ती नारळी काठाचीपण." वहिनीनं दुसऱ्या दिवशी दोन्ही साड्या इस्त्री करून माझ्या बॅगेत ठेवल्या. त्या अजून कपाटात आहेत. मी त्या एकदाही नेसले नाही. त्या रात्री सिनेमा चालू ठेवूनच मी कपाट उघडून त्यांना हात लावून आले.

मुलं त्याच रात्रीच्या गाडीनं परततात, नोरिको मागे राहते. आमच्याकडे वहिनी बिनपगारी रजा घेऊन महिनाभर बाबांजवळ राहिली. मला तेव्हा तिचा राग आला होता, का ते आता कळतं. पण या सिनेमात एक प्रसंग शेवटाकडे आहे, आणि त्यासाठी मी ओझूची कायमची ऋणी आहे. शुकिची नोरिकोला तोमीचं घड्याळ देतो आणि म्हणतो, पोटच्या पोरांपेक्षा तू आमचं जास्त केलंस. त्यावर नोरिको म्हणते, मी चांगली नाही, मी लबाड आहे. गेलेल्या नवऱ्याची आठवण न काढताही माझे दिवस जातात. आणि तोंड झाकून रडते. म्हणजे जिला सगळे देवी करून बसले होते ती खाली उतरते, आणि शिगे, जिला मी आदल्या दिवसापासून माझ्या पापांची यादी म्हणून बघत होते, तीसुद्धा मला साधी माणूस दिसायला लागली. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसातून वहिनीला फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. आम्ही अर्धा तास बाबांच्या गोळ्यांबद्दल बोललो.

हा सिनेमा १९५३ सालचा. पटकथा ओझूनं कोगो नोदा या त्याच्या नेहमीच्या जोडीदाराबरोबर लिहिली. नोदानं १९३७ सालचा 'मेक वे फॉर टुमॉरो' हा अमेरिकन सिनेमा बघितला होता, त्यातून बीज आलं असं सांगतात. २०१२ साली 'साइट अँड साउंड' या मासिकानं जगभरच्या दिग्दर्शकांकडून मतं घेतली तेव्हा हा पहिला आला. हे सगळं मी नंतर शोधून वाचलं, कारण मला कळेना की एका माणसाला हे कुठून ठाऊक. ओझूनं लग्न केलं नव्हतं, त्याला मूलबाळ नव्हतं. तो आईबरोबर राहायचा. आई १९६२ साली गेली, आणि पुढच्या वर्षी १२ डिसेंबरला, आपल्या साठाव्या वाढदिवशीच, तोही गेला.

त्या वर्षी गणपतीला गावी गेले तेव्हा टॅबमध्ये हा सिनेमा घेऊन गेले. बाबांना दाखवावा की नाही याचा मी महिनाभर विचार केला होता. एकटं राहणाऱ्या माणसाला एकटं राहिलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट दाखवणं मला क्रूर वाटत होतं. पण माझ्याजवळ त्यांच्याशी बोलायला दुसरं काही नव्हतं. रोज फोनवर आम्ही जेवण, गोळ्या आणि पाऊस बोलायचो, तीन मिनिटं.

गौरी-गणपती गेले, भाऊ-वहिनी परतले, मी चार दिवस जास्त राहिले. लाइट संध्याकाळी जायची. पडवीत बाकावर टॅब उभा करून, त्याच्या उजेडात आम्ही तीन संध्याकाळी तो बघितला. इंग्रजी ओळी मी वाचून मालवणीत सांगत होते. आधी शुद्ध मराठीत सुरू केलं, पण बसेना. सिनेमातले म्हातारा-म्हातारी ओनोमिचीकडची बोली बोलतात, आणि टोकिओत गेलेली त्यांची मुलं शहरी जपानी. हे मला वाचून माहीत होतं. मी मालवणीत सांगायला लागले तेव्हा माझीच जीभ अडखळत होती, आणि बाबा मध्येच शब्द दुरुस्त करत होते. ते प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेत, चूक दिसली की त्यांना राहवत नाही.

माझी भीती होती की त्यांना कंटाळा येईल. कंटाळा नावाची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. रिकाम्या खोल्या, होडी, धुराडी, ते सगळं ते तसंच बघत होते जसे रोज संध्याकाळी पडवीत बसून खाडीकडे बघतात. मला जी गती शिकावी लागली ती त्यांची रोजची होती. उशीची शोधाशोध सुरू झाली तेव्हा मी काही सांगायच्या आधीच ते म्हणाले, "ती उशी तेच्याच पिशयेत आसतली." सापडल्यावर ते मोठ्यांदा हसले. म्हातारा जुन्या मित्रांबरोबर दारू पिऊन रात्री मुलीच्या दारात उभा राहतो तेव्हाही हसले, आणि माझ्याकडे बघून लगेच गंभीर झाले.

अतामीचा भाग दुसऱ्या संध्याकाळी आला. मी अनुवाद थांबवला होता, तिथे शब्द फार नाहीतच. बांधावर बसलेली दोघं दिसत होती, मागे समुद्र. बाबा म्हणाले, "लेण्याद्रीक आमचा असाच झाला."

"काय झालं?"

"तुजी आये वर चढूकच नाय. खालीच बसली, पायरेवर. मी पण."

लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आई गुडघ्यांनी तिथे हरली होती, आणि बाबा तिला सोडून एकटे वर गेले नव्हते. बसमधली बाकीची माणसं दर्शन घेऊन येईपर्यंत दोघं खाली बसून होती. अंगारा त्यांनी त्याच माणसांपैकी एका बाईंकडून मागून घेतला होता, मला आठ पुड्या पुऱ्या द्याव्यात म्हणून. बाबांनी हे कुठलाही सूर न लावता सांगितलं, गाडी कितीला सुटते ते सांगावं तसं. मी विचारलं, मला तेव्हाच का नाही सांगितलंत. ते म्हणाले, त्यात काय सांगायचं, बरी सावली होती, तुझ्या आईनं शेंगा घेतल्या, आम्ही शेंगा खाल्ल्या. टॅबवर तोपर्यंत तोमीची घेरी येऊन गेली होती आणि गोष्ट पुढे टोकिओत पोचली होती. मी मागे नेली नाही.

आई जाते तो भाग तिसऱ्या संध्याकाळी. मी आदल्या रात्री झोपले नव्हते. बाबांनी तो पूर्ण भाग न बोलता बघितला. पहाटेच्या त्या प्रसंगात मी ओळ सांगितली, "म्हणतो, आज पण उकडणार." त्यांनी मान हलवली, जशी बरोबर उत्तराला हलवायचे. मला त्यांना पोफळींबद्दल विचारायचं होतं. विचारलं नाही.

शेवटी शुकिची घरात एकटा बसलेला आहे, हातात पंखा. तीच शेजारीण खिडकीशी येते. तो तिला म्हणतो, असं होणार माहीत असतं तर तिच्याशी आणखी प्रेमानं वागलो असतो. मग म्हणतो, एकटं राहिलं की दिवस मोठे होतात. ही ओळ मी सांगितली नाही. गप्प राहिले. खाडीत एक होडी टुकटुकत चालली होती आणि सिनेमातही होडी टुकटुकत चालली होती. क्षणभर मला कळेना की आवाज कुठला.

"काय म्हणता तो?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं.

ते काही बोलले नाहीत. 'समाप्त' आल्यावर उठतील असं वाटलं, पण बसूनच राहिले. टॅबचा पडदा विझला आणि पडवीत अंधार झाला. लाइट आली नव्हती. मी मेणबत्ती आणायला उठले तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"ता पयला लाव गो परत. उशयेचा."

मी परत बसले. टॅब सुरू केला, सुरुवातीला नेला. दगडी दिवा, बंदर, शाळेत जाणारी मुलं, डोंगराखालून जाणारी आगगाडी. मग ती खोली, उघडी पिशवी, आणि दोघं शेजारी शेजारी जमिनीवर. तोमी म्हणते, माझ्याकडे नाही हो, तुमच्याकडेच दिलीय. बाबा पुढे वाकले, चष्मा कपाळावर सरकवला. या वेळी मी काहीच सांगितलं नाही.